बारावा खड्डा

ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं, की आधी चष्मा आंधळा होतो. आतल्या एसीचा गारवा काचांना चिकटलेला असतो आणि बाहेरची दमट हवा त्यावर क्षणात पांढरा पडदा धरते. पुसून उपयोग नसतो, पुसला की पुन्हा धरतो. मी पायरीवर तशीच उभी राहते, हातातली पिशवी सांभाळत, काही न दिसता. खालचा नातूर, म्हणजे रखवालदार, खुर्चीतूनच सांगतो की आज रुतूबा बहुत है मॅडम. रुतूबा म्हणजे हवेतला दमटपणा. शब्द अरबी आहे, पण आमच्या घरात तो आता हळद-मिठाइतका रुळला आहे.

त्या अर्ध्या मिनिटात मला दर वर्षी एकच उन्हाळा आठवतो. मी मुद्दाम आठवत नाही, तो आपणहून येतो. आता सगळं ठीक आहे. दुबईत अल कुसैसला बऱ्यापैकी घर आहे, सुहासच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, केतकी नोकरीला लागली आहे. तरीही तो येतोच. मग काच हळूहळू स्वच्छ होते, समोरचं किराणा दुकान दिसायला लागतं आणि मी कोथिंबीर आणायला जाते.

केतकीच्या लेखी मात्र तो तिच्या लहानपणातला सगळ्यात सुंदर उन्हाळा. "दॅट वॉज अवर बीच समर, आई," असं ती अजून म्हणते. तिला खोर फक्कानचा समुद्र आठवतो, शिंपल्यांनी भरलेली बादली आठवते, बंदरातल्या बोटींचे भोंगे आठवतात. बरोबरच आहे. ती सात वर्षांची होती आणि आम्ही तिला काही कळू दिलं नव्हतं. एकाच गाडीत बसून आम्ही तिघं एकाच रस्त्यानं जात होतो आणि त्यातली एक सहलीला चालली होती.

दोन हजार दोनचा सुमार असेल. आम्ही शारजात, अल नहदाला राहायचो. आता तिथं टॉवरला टॉवर भिडले आहेत. तेव्हा दोन इमारतींच्या मध्ये वाळूचे मोकळे तुकडे होते आणि वारा सुटला की जेवणाच्या टेबलावर वाळूचा बारीक थर बसायचा. सुहास ज्या कंपनीत साइट इंजिनियर होता, ती जुलैत बंद पडली. मालकानं सगळ्यांना बोलावून चहा पाजला आणि व्हिसे रद्द केले. इथं माणसाचा व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि आम्हा मायलेकींचे व्हिसे सुहासच्या व्हिसाला. नोकरी गेली की हातात तीस दिवस उरतात. तेवढ्यात दुसऱ्या कुणी व्हिसा दिला तर ठीक, नाहीतर खलास, सामान बांधायचं. आमचा तिसावा दिवस ऑगस्टअखेरच्या गुरुवारी येत होता.

शेजारचे म्हणायचे, त्यात एवढं काय, आपलंच गाव आहे, परत जायचं. त्यांना सांगलीतली ती दोन वर्षं माहीत नव्हती. इथं येण्याआधी सुहास दोन वर्षं घरी बसून होता. आधी रोज पेपरातल्या जाहिराती बघायचा, मग एक दिवसाआड, मग पेपर नुसता घडी घालून ठेवायचा. दाढी करायचं सोडलं. कुणी आलं की उठून आतल्या खोलीत जायचा. एका दुपारी जेवणाचं ताट तसंच ठेवून बाहेर पडला तो थेट दिवेलागणीला आला. कुठं होतास विचारलं, तर म्हणाला, पुलावर, पाणी बघत होतो. कृष्णेला तेव्हा पूर होता. मी पुढं काही विचारलं नाही. विचारलं तर तो खरं सांगेल अशी भीती वाटली. त्या दिवसापासून तो घराबाहेर पडायला लागला, की मी तान्ह्या केतकीला त्याच्या कडेवर द्यायची. म्हणायची, जरा हिला फिरवून आण. कडेवर पोर असलं की माणूस घरी परत येतो, एवढाच माझा हिशेब होता.

म्हणून परत जाणं म्हणजे माझ्यासाठी गावाला जाणं नव्हतं. एकदा तो पुलावरून परत आला होता. दुसऱ्यांदा येईल याची मला खात्री नव्हती, आणि केतकी आता कडेवर मावत नव्हती. हे मी कुणाशी बोलले नाही, त्याच्याशीही नाही.

इथल्या उन्हाळ्यात नळाची एक गंमत असते. छतावरची टाकी दिवसभर तापते, त्यामुळं गार पाण्याच्या नळाला चटका बसणारं पाणी येतं. मग लोक गिझर बंद करून ठेवतात आणि गरम पाण्याचा नळ सोडतात, कारण गिझरमधलं पाणी घराच्या गारव्यात निवलेलं असतं. नव्यानं आलेला माणूस हमखास भाजतो. त्या महिन्यात मी, पाच वर्षं इथं राहून, रोज चुकीचा नळ सोडत होते. हात भाजला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दुखण्याला काहीतरी जागा मिळायची.

सतराव्या दिवशी ग्रेगरीचा फोन आला. ग्रेगरी वसईचा, आमच्या ओळखीतल्यांच्या ओळखीचा, छोटी कंत्राटं घेणारा. मराठी बोलतो म्हणून मला उगाचच तो नातेवाईक वाटायला लागला. तो घरी आला, केतकीला चॉकलेट दिलं आणि सुहासला म्हणाला, "हे बघ, मी फ्रँकली सांगतो. खोर फक्कानला एक डेक आहे. आधीच्या इंजिनियरचे खड्डे म्युन्सिपालिटीनं दोनदा फेल केले. तू फुटिंगचं इन्स्पेक्शन पास करून दे, मी दुसऱ्या दिवशी व्हिसा टाकतो. नाही झालं, तर मग माझ्याकडे पण काही नाही."

डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराबाहेर लाकडी फळ्यांची उघडी ओसरी, खांबांवर उभी. घर डोंगरउतारावर होतं आणि घराचा मालक अबू खालिद बंदरातून निवृत्त झालेला. ज्या बोटींची कागदपत्रं जन्मभर तपासली, त्या आता त्याला खुर्चीत बसून बघायच्या होत्या. बारा खांब, बारा खड्डे. खड्ड्यांच्या तळाशी काँक्रीटचे पाये ओतायचे, त्यालाच फुटिंग म्हणतात. ओतण्याआधी नगरपालिकेचा माणूस येऊन तळ तपासणार. उताराची वरची माती वाहून आलेली, भुसभुशीत. खालचा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणलं नाही तर पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली समुद्राकडे.

नकाशा मी काढला. आमच्या जेवणाच्या टेबलावर, केतकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात मला अडाणीपणाचा आडोसा घेता येत नाही. सुहास आणि मी पॉलिटेक्निकला एकाच वर्गात होतो, दोघांनी सिव्हिलचा डिप्लोमा केला. खड्ड्याचा तळ एकदा ठोकून घट्ट केला, की त्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मातीच्या पेपरात मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते.

सुहासनं पाच दिवसांत बारा खड्डे पुरे केले. पहाटे निघायचा, धैद, मग मसाफीचे डोंगर, मग पलीकडे समुद्र. मजूर होते, पण तळ त्यानं स्वतः ठोकला. धुमस, म्हणजे दांड्याला लावलेला जड लोखंडी ठोकळा, उचलायचा आणि आपटायचा. घरी आला की त्याच्या तळहातांना मी खोबरेल लावायची. आणि त्या पाच दिवसांत तो जेवताना बोलायला लागला. मुरूम कसा लागला, कुठं खडक आला, अबू खालिदनं कसा आलं घातलेला चहा दिला. मला ते ऐकताना आनंद व्हायला हवा होता. मला मात्र जास्तच भीती वाटत होती, कारण आता तो आशेवर उभा होता आणि पडला तर उंचावरून पडणार होता.

इन्स्पेक्शन शनिवारी. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सुट्टी, म्हणून तो आम्हा दोघींनाही घेऊन गेला. गुरुवारी मी सहज सुचवल्यासारखं केलं, की पाया भरायच्या आधी छोटीशी पूजा करूया का. आमच्याकडे ईशान्येच्या खड्ड्यात सुपारी, हळकुंड, तांब्याचं नाणं ठेवतात, नारळाचं पाणी घालतात. माझ्या वडिलांनी साधी न्हाणीघराची भिंत बांधली तेव्हाही ठेवलं होतं. सुहास म्हणाला, दुसऱ्याच्या घरात, त्याच्या धर्मात नसलेलं, आपण करायचं नाही. आणि मुरूम सुपारी बघून घट्ट होत नाही. विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नव्हता. मी केतकीच्या डब्यात सगळं भरून घेतलं आणि नारळ टॉवेलात गुंडाळला. तोपर्यंत मी महिनाभर देव पाण्यात घालून बसले होते, तिथं एक डबा काय जड होता.

दुपारी अबू खालिद नमाजाला गेला. मजूर नव्हते. सुहास केतकीला घेऊन खाली किनाऱ्यावर गेला आणि मी म्हणाले, मला ऊन लागतंय, मी इथंच सावलीत बसते. बारावा खड्डा बरोबर ईशान्येला, समुद्राच्या बाजूला होता. मी त्यात उतरले. तळ इतका गुळगुळीत आणि कठीण होता की पायाला फरशीसारखा लागला. मी केतकीचा वाळू खेळायचा पत्र्याचा खुरपा घेतला आणि मधोमध खरवडायला लागले. माती निघेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला. सुहासनं जे दिवसभर ठोकलं होतं, ते मी घामाघूम होत उकरलं, वाटीएवढं, वीतभर खोल. त्यात सुपारी, हळकुंड, नाणं, कुंकू. दगडावर नारळ फोडून पाणी ओतलं. माती परत लोटली, वरून पायानं दाबली आणि हात जोडले. काय मागितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. आम्हाला इथून घालवू नकोस.

खोबरं मी घरी आणलं. संध्याकाळी सुहासच्या हातावर एक तुकडा ठेवला. कुठला, असं त्यानं विचारलं. घरात नारळ होता म्हणाले. तो खाऊन टाकला त्यानं, आणि मला वाटलं, झालं, आता देव आपला.

अजूनही रस्त्यात कुठं दिव्याच्या खांबासाठी खड्डा खणलेला दिसला, की आम्ही दोघं थांबतो. तो वाकून तळ बघतो. मी त्याच्याकडे बघते. तेवढ्यात बाजूनं जाणारा एखादा माणूस काय पडलंय म्हणून डोकावतो, आणि काहीच दिसत नाही म्हणून निघून जातो.

शनिवारी तो चार वाजता घरी आला. बूट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसला. मी पाणी दिलं, त्यानं ते हातात धरलं. इन्स्पेक्टर सुदानी होता, उंच, शांत. सगळे त्याला मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनियर. त्याच्याजवळ एक लांब सळई असायची. खड्ड्यात उतरायचं, तळाच्या मधोमध सळई टेकवायची आणि वरून अंगाचा भार द्यायचा, एवढीच त्याची परीक्षा. अकरा खड्ड्यांत सळई उभी राहिली.

"बाराव्यात वीतभर आत गेली," सुहास म्हणाला. "लोण्यात जावी तशी. तो माझ्याकडे बघायलाच लागला. म्हणाला, ही भरलेली माती आहे. मी म्हटलं, शक्य नाही, मी स्वतः ठोकलंय. त्यानं कागदावर लाल शाई मारली. म्हणाला, आता सगळे बारा परत तपासणार."

सळई मधोमध गेली होती, कारण मीही मधोमधच उकरलं होतं. पूजा कोपऱ्यात कशी मांडायची.

नव्या तपासणीसाठी अर्ज करायचा तर आठवडा लागायचा. आमच्या हातात पाच दिवस होते. पण मला खरी भीती त्याची वाटली नाही. सुहास उठला, टेबलावर नकाशा पसरला आणि एकेक माप पुन्हा तपासायला लागला. मग मला जवळ बोलावलं. म्हणाला, तू बघ, माझं कुठंतरी चुकतंय आणि मला दिसत नाही. मी त्याच्या शेजारी बसून, सगळं बरोबर आहे हे माहीत असताना, पट्टी धरून मापं तपासली. तो आपल्या तळहातांकडे बघून म्हणाला, मला वाटलं होतं अजून येतं मला काम. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. नवऱ्याला वाचवायला निघालेली बाई तोंड मिटून बसली, कारण तिला स्वतःची लाज वाटत होती. याहून नीच मी आयुष्यात कधी वागले नाही.

रविवारी सकाळी तो न्हाणीघरातून दाढी न करता बाहेर आला.

बस्स, तेवढं पुरलं. मी म्हणाले, आज साइटवर आम्हीही येतो. केतकी मागच्या सीटवर बादली घेऊन बसली आणि अर्ध्या वाटेत झोपली. मसाफीच्या अलीकडे, जिथं रस्त्याच्या कडेला फळांची आणि गालिच्यांची दुकानं लागतात, तिथं मी त्याला गाडी थांबवायला सांगितली. डोंगर धुरकट दिसत होते, गाडीचा एसी धापा टाकत होता. मी समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगितलं. डबा, खुरपा, सुपारी, नारळ. सांगताना रडले नाही, कारण रडले असते तर त्याला माझी समजूत काढावी लागली असती.

तो ओरडेल, किंवा उतरून चालू लागेल, याची मी तयारी केली होती.

"किती खोल?" त्यानं विचारलं.

"वीतभर."

"आणि रुंद?"

"वाटीएवढं."

त्यानं डोळे मिटले आणि श्वास सोडला. "म्हणजे माझा तळ बरोबर होता," तो म्हणाला. मला नाही, स्वतःला म्हणाला. मग उतरला, टपरीवरून तीन पेरू घेतले, एक केतकीच्या मांडीवर ठेवला आणि गाडी सुरू केली. तिथून खोर फक्कानपर्यंत तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. राग होताच. पण ते गप्प बसणं सांगलीतलं गप्प बसणं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

अबू खालिद घराच्या मागच्या दारातच उभा होता. त्याच्या नकळत काढून टाकावं, असं एक क्षण माझ्या मनात आलं. सुहास त्याच्याकडे निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि स्वतः पुढं झाले. म्हाताऱ्याचं हिंदी चांगलं होतं, तीस वर्षं बंदरात आपल्या लोकांबरोबर काम केलेलं. मी त्याला सांगितलं की आपसे पूछा नहीं और मैंने रख दिया, और उसी से फेल हुआ. मग खड्ड्यात उतरून हातानंच माती काढली. सुपारी वर आली, हळकुंड, नाणं. नारळाच्या पाण्याला मुंग्या लागल्या होत्या.

त्यानं वाकून बघितलं. "ये दुआ है?"

"हाँ."

"मेरे घर के लिए?"

हो म्हणणं किती सोपं होतं. वास्तूसाठीच तर असते ती पूजा. घर उभं राहावं, घरातली माणसं सुखी राहावीत, म्हणून ठेवतात सुपारी. माझे वडील आमच्या न्हाणीघरासमोर हेच मोठ्यानं म्हणाले होते. पण मी त्या खड्ड्यात हात जोडले, तेव्हा या माणसाचा, त्याच्या घराचा, त्याच्या बोटी बघायच्या इच्छेचा एकदाही विचार केला नव्हता.

"नहीं," मी म्हणाले. "हमारे लिए."

तो सरळ उभा राहिला. "घर मेरा, ज़मीन मेरी, और दुआ तुम्हारे लिए." मग सुहासकडे वळून म्हणाला, "पूछती तो मैं मना करता. लेकिन पूछना था." आणि आत गेला. चहा आला नाही त्या दिवशी. मी ते सगळं टॉवेलात बांधलं आणि मातीनं भरलेल्या हातांनी तशीच उन्हात उभी राहिले. एवढी शरम मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही.

सुहासनं बाराव्या खड्ड्याचा अख्खा तळ वीतभर खाली नेला आणि पुन्हा ठोकला. धुमस आपटताना तो एकदाही थांबला नाही. मी वर बसून ऐकत होते. आधी आवाज बसका यायचा, मग हळूहळू कोरडा व्हायला लागला, शेवटी दगडावर दगड आपटावा तसा. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. अर्ज लिहून नगरपालिकेच्या ऑफिसात दिला. खिडकीतल्या माणसानं इन्शाल्ला म्हटलं. या शब्दात होकार किती आणि नकार किती, हे मला अजूनही ओळखता येत नाही.

सोमवारी काही झालं नाही. मी कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. केतकीनं विचारलं, "आर वी गोइंग समव्हेअर?" मी म्हणाले, बॅगांना हवा देतेय. मंगळवारी सकाळीही काही नाही. सुहास फोनजवळ बसून होता, दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट होता, आणि मला ते बघवत नव्हतं. रोज नव्यानं तयार होऊन न येणाऱ्या फोनची वाट बघणारा माणूस किती दिवस तयार होईल. दुपारी साडेबाराला फोन वाजला. उद्या सकाळी मुहंदिस येतोय. कसं काय, ते कुणी सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी ग्रेगरीकडून कळलं, की अबू खालिद स्वतः त्या ऑफिसात जाऊन बसला होता, अर्ज वरती काढेपर्यंत. आम्हाला तो एका शब्दानंही बोलला नाही.

बुधवारी आठ वाजताच हवा इतकी दमट होती की समुद्र आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून गेली होती. मी केतकीला घेऊन गाडीतच बसले. जवळ जायचं धाडस नव्हतं. काचेवर बाहेरून धुकं धरत होतं आणि मी दर थोड्या वेळानं वायपर फिरवत होते, म्हणजे तेवढ्यापुरता तो उतार दिसायचा, उंच सुदानी माणूस दिसायचा, हात मागे बांधून उभा असलेला सुहास दिसायचा. मुहंदिस पहिल्या खड्ड्यात उतरला, वर आला. दुसऱ्यात उतरला, वर आला. मी मोजत होते. मी काही मागत नव्हते. मागायचं कसं तेच उरलं नव्हतं. नुसती मोजत होते.

बाराव्यात तो उतरला आणि बराच वेळ वर येईना. मी वायपर फिरवला. सळईचं टोक खड्ड्याच्या कडेवर दिसलं, खाली गेलं, परत दिसलं. तीनदा. तीनही वेळा ते टोक कडेवर पहिल्याइतकंच उंच उभं राहिलं. मग तो वर आला, कपडे झटकले आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून कागद लिहायला लागला. आमच्याच गाडीच्या बॉनेटवर. काचेपलीकडे त्याचा हात मला दिसत होता, निळी शाई दिसत होती. त्यानं कागद सुहासला दिला आणि ऊन चढायच्या आत ओतून घ्या म्हणाला.

पुढचं सगळं लवकर झालं. ग्रेगरी शब्दाला जागला, गुरुवारी सकाळी कागद गेले, आम्ही राहिलो. वीस वर्षं राहिलो. सुहासनं त्यानंतर किती पाये ओतले त्याची गणती नाही. तो डेक अजून आहे म्हणतात. अबू खालिदच्या मुलानं फळ्या बदलल्या, खांब तेच आहेत. मी त्यावर कधी पाऊल ठेवलं नाही.

पण मला आठवते ती बुधवारचीच वेळ, काँक्रीटचा ट्रक यायच्या आधीची. केतकी पाण्याकडे पळाली होती. सुहास गाडीत येऊन बसला. कागद त्यानं घडी न घालता मांडीवर ठेवला होता. मला वाटलं आता तो हसेल, किंवा मी रडेन, किंवा आम्ही दोघं सुटलो एकदाचे म्हणू. तो समोर बघत होता. रविवारनंतर पहिल्यांदाच त्यानं तो विषय काढला.

"मी पास होणार नाही, असं तुला खरंच वाटलं होतं?"

खोटं बोलायला वेळ होता. तसं काही नाही रे, आपली रीत म्हणून ठेवलं, असं म्हणता आलं असतं, आणि त्यानं ते मानलंही असतं.

"हो," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. ट्रक वळणावर दिसायला लागला होता. उतरण्यासाठी त्यानं दार उघडलं आणि एक पाय बाहेर ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मलाही."